क्रूसाच्या घाटावरचा आकडा

कुइतावा
मंगळवार, ५ जून १९८४

कस्तोदिया,

‘प्रिय’ लिहिण्यात शाई घालवत नाही. हे पत्र मी हौसेनं लिहीत नाही, गावच्या समितीनं सांगितलं म्हणून लिहिते. तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून दूधवाल्या आन्सेल्मोच्या गाडीतून कागद पाठवते आहे. वाचायचा नसेल तर चुलीत घाल, पण मग नंतर ‘मला कुणी सांगितलं नाही’ म्हणत फिरू नकोस. म्हणूनच सगळं नीट, एकापुढे एक लिहिते.

परवा रविवारी सायकलींची देशफेरी सुरू झाली. १७ तारखेच्या रविवारी ती आपल्या क्रूसाच्या घाटावरून सोगामोसोला उतरणार. त्यानंतर फक्त राजधानीपर्यंतचा सपाट रस्ता, म्हणजे जे काय व्हायचं ते आपल्या घाटावरच. व्यवस्था नेहमीचीच. वर डोंगर आडवा येतो, रेडिओ लागत नाही. म्हणून मी खाली गावच्या टेलिफोन केंद्रात रेडिओ आणि वही घेऊन बसणार. आपला एउदोरो किती सेकंद पुढे आहे ते ऐकून शेवटच्या वळणावर तुझ्या दुकानात फोन करणार. तिथे तो आकडा फळ्यावर लिहून एउदोरोला दाखवायचा. त्यावरून तो ठरवणार, जीव टाकायचा की राखायचा.

फरक एकच. यंदा फळा तुझ्या हातात नसेल. पार्मेनिओ मास्तर धरतील. तू दुकान उघडं ठेवायचंस, फोन मोकळा ठेवायचास आणि बाजूला व्हायचंस.

का, ते तुला मी सांगायला नको. गेल्या वर्षी अंत्योकियाच्या मोन्साल्वेपासून सत्तर सेकंद हवे होते, सहासष्ट मिळाले. चार सेकंदांनी फेरी गेली. वर जमलेल्या अर्ध्या गावानं तुझ्या फळ्यावर स्वतःच्या डोळ्यांनी ‘एक पस्तीस’ वाचलं, एक मिनिट पस्तीस सेकंद, आणि त्याआधीच रेडिओनं ‘अठ्ठावन्न सेकंद’ सांगितलं होतं. पोरानं फळ्यावर विश्वास ठेवला, घाटमाथ्यावर थांबून पाणी प्यायला, उतारावरचा वारा लागू नये म्हणून वर्तमानपत्राची घडी नीट सदऱ्यात सरकवली. अठ्ठावन्न वाचलं असतं तर थांबला असता का तो?

एउदोरो कुस्पोका यंदा सत्तावीसचा आहे. त्याच्या संघवाल्यांनी सांगून टाकलंय, यंदा नाही तर पुढल्या वर्षी सायकल नाही. म्हणजे परत विटांच्या भट्टीवर. त्याची पाठ आठव. सोळाव्या वर्षी विटा वाहून बैलासारखी झालेली.

उत्तर आन्सेल्मोजवळ दे. पाकीट पाठवू नकोस, हेच उलटं करून वापर.

रोसाल्बिना


कुइतावा
शनिवार, ९ जून

कस्तोदिया,

तुझं उत्तर मिळालं. चीज बांधायच्या कागदावर, पेन्सिलीनं, एक ओळ: ‘फोन माझ्या भिंतीवर आहे. ज्याला हवा त्यानं भिंत घेऊन जावी.’

वा! वर्षभर तोंड उघडलं नाहीस आणि उघडलंस तर हे. मास्तरांना वाचून दाखवलं तर ते हसले. ‘तुझ्या बहिणीला जीभ आहे हो, रोसाल्बिनाबाई! मला वाटलं होतं, खडूबरोबर तीही झिजली.’ माझं तोंड काळंठिक्कर पडलं. तुला असं वाटत असेल की तू फार मोठेपणानं वागते आहेस. तसं नाहीये. तू एका पोराच्या आयुष्याशी खेळते आहेस.

तुला वर काही कळत नाही म्हणून सांगते. कालच्या, एकेकट्यानं सायकल हाणायच्या टप्प्यात एउदोरोनं मार खाल्ला. पडला नाही, पण मोन्साल्वेनं त्याला दोन मिनिटं चाळीस सेकंद मागे टाकलं. केंद्रात पेव फुटावं तशी माणसं जमली होती. सातुर्निनो पाववाला म्हणाला, ‘संपलं. अंत्योकियावाल्यांच्या मांड्या बघा आणि आपल्याच्या बघा. आपला म्हणजे बकऱ्याच्या पायावर ठेवलेलं पोतं.’

‘बकरी डोंगरावर कुणाला ऐकते का?’ मास्तर म्हणाले. ‘सपाटीवर हरणारच तो. सोमवारपासून डोंगर सुरू. दोन मिनिटं चाळीस म्हणजे दोन घाट.’

‘आणि उतार? उतारावर ब्रेक दाबून दाबून त्याच्या बोटांना घट्टे पडलेत.’

‘तुझ्या जिभेला का नाही पडत?’

हे बेत्साबेबाई म्हणाल्या. एउदोरोची आई कोपऱ्यात विणत बसते, सुयांवरून नजर हलवत नाही, आणि मधेच असं बोलते की सगळे खाली बघतात. त्या म्हणाल्या, ‘माझ्या पोराला मोन्साल्वेनं नाही हरवलं. माझ्या पोराला एका खडूनं हरवलं.’ आणि मग माझ्याकडे वळून, मवाळपणानं: ‘तुझा काय दोष, बाई. रक्ताची बहीण असली म्हणून तू काय करणार.’

मी वहीत डोकं खुपसलं.

पण मला एक सांग. गेल्या वर्षी मास्तर आणि अर्धं गाव तुझ्या दारात उभं राहून विचारत होतं, ‘एक पस्तीस आलं कुठून?’ तेव्हा तू फक्त एवढंच म्हणालीस: ‘खडू माझ्या हातात होता.’ मी तिथेच उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. बघत राहिलीस. बोलली का नाहीस? कुणी तुझं तोंड धरलं होतं?

त्यानंतर गावानं तुझ्याकडून चीज घेणं सोडलं. कार्मेनमातेच्या मिरवणुकीत मूर्तीच्या दांड्याला तुझा खांदा होता तोही काढून घेतला. आणि तू गप्प. एक माणूस इतका गप्प बसला की त्याच्या गप्प बसण्याचा दुसऱ्याच्या घरात आवाज येतो, हे तुला कळतं का?

फोनचं काय ते सरळ लिही. भिंतीच्या गोष्टी नकोत.

रोसाल्बिना


कुइतावा
बुधवार, १३ जून

कस्तोदिया,

आधी बातमी. तीन दिवसांत दोन घाट झाले आणि पोरगा दुसरा आहे. मोन्साल्वे आता फक्त अठ्ठेचाळीस सेकंद पुढे. सातुर्निनोनं काल सगळ्यांना फुकट पाव वाटले, ते पण शिळे.

आज विश्रांतीचा दिवस. दुपारी हॉटेलातून एउदोरोचा फोन आला. बेत्साबेबाईंनी आधी, जेवलास का, गुळाचं पाणी मिळतं का, गुडघ्याला काय लावतोस, हे सगळं विचारून घेतलं. मग त्यानं विचारलं, ‘शेवटच्या वळणावर फळा कुणाकडे?’

मास्तरांनी रिसीव्हर ओढून घेतला. ‘माझ्याकडे, बाळा. माझ्याकडे! चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलंय मी.’

‘तरी नको. मी कुणाचाच फळा बघणार नाही. पायथ्यापासून जेवढं आहे तेवढं घालणार. जे होईल ते होईल.’

मास्तर पांढरे पडले. फोन ठेवल्यावर म्हणाले, ‘हा असा गेला तर सातव्या वळणावर दम संपून फुटेल. एप्रिलमध्ये असाच फुटला होता, आठवतंय ना? घाट मोजून चढावा लागतो. आंधळा चढणारा वर पोचत नाही.’

‘मग त्याला सांगा ना, फळा बघ म्हणून,’ सातुर्निनो म्हणाला.

बेत्साबेबाई म्हणाल्या, ‘कसा बघेल? एकदा ज्या विहिरीचं पाणी कडू लागलं—’ आणि वाक्य तिथेच सोडून विणायला लागल्या.

मी घरी आले. चूल पेटवली नाही. हे जेवायला बसले, मक्याची थंड आरेपा पुढे ठेवली. ‘काय झालंय?’ म्हणाले. ‘काही नाही’ म्हटलं. आता तुला लिहिते आहे, कारण हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलंय आणि तो माणूस ते कुणाला सांगू शकत नाही.

तुला एवढं माहीत आहे की मी फोनवर ‘एक पस्तीस’ म्हणाले. का म्हणाले, ते तुला माहीत नाही.

त्या दिवशी पावणेबाराला रेडिओनं एक पस्तीस सांगितलं. मी वहीत लिहिलं. मग बाराची घंटा झाली. केंद्रातल्या पुरुषांनी टोप्या काढल्या, सगळे उभे राहिले, आणि मी रेडिओचा आवाज बारीक केला. देवदूताची प्रार्थना म्हटली. तिथे थांबायला हवं होतं. बाकीचे बाहेर रस्त्यावर गेले. मला वाटलं, पोरगा एकटा पुढे आहे, मोठा घाट आहे, त्याच्या नावानं दहा ‘नमो मरिया’ म्हणाव्यात. गुडघे टेकले. सावकाश म्हटल्या, घाईनं प्रार्थना करू नये असं आईनं शिकवलं म्हणून. उठले तर घड्याळात सात मिनिटं गेली होती. आवाज वाढवला तर जाहिरात. तू तिकडून ओरडत होतीस, ‘ताई, आकडा! आकडा! तो वळणावर आलाय!’ मी वहीत बघितलं आणि जे लिहिलं होतं ते सांगितलं.

त्या सात मिनिटांत मोन्साल्वेनं हल्ला चढवून अंतर अठ्ठावन्नवर आणलं होतं.

नंतर सगळे आत आले आणि विचारायला लागले, तू वर काय सांगितलंस? माझ्या तोंडून निघालं, ‘अठ्ठावन्न.’ ठरवून नाही गं. चटका बसल्यावर हात जसा मागे जातो, तसं. आणि मग वही. मी आजपर्यंत वहीत कधी खाडाखोड केली नाही, रॉकेलचा हिशेब चुकला तरी खाली नवीन ओळ लिहिते. त्या रात्री मी पस्तीसवर अठ्ठावन्न गिरवलं.

फादरकडे कबुली दिली. पापनिवेदनाच्या जाळीतून ते म्हणाले, ‘देवानं क्षमा केली. बहिणीला सांगितलंस का?’ मी म्हटलं, ‘सांगीन.’ मग म्हणाले, ‘आणि गावाला?’ मी म्हटलं, ‘फादर, मी प्रार्थनाच करत होते ना? मग त्या सात मिनिटांत देवानं मोन्साल्वेच्या पायांत जोर का घातला?’  त्यांनी मला प्रायश्चित्त म्हणून जपमाळ म्हणायला दिली. आणखी एक माळ!

वर्षभर मी धरून चालले की देवाशी मिटलं म्हणजे मिटलं. आता तू म्हणशील, अशा बाईला माझ्यावर रागवायचा काय हक्क? आहे. मला तुझा राग येतो, कस्तोदिया, आत्ता लिहितानाही येतो. तू एक वाक्य बोलली असतीस, ‘ताईनं सांगितलं तेच मी लिहिलं’, तर त्या दिवशीच संपलं असतं. मी रडले असते, गावानं मला शिव्या दिल्या असत्या, महिनाभरात विसरलं असतं. तू बोलली नाहीस. तू मला वर्षभर खोटी ठेवलंस. चांगुलपणाचा हा कसला माज? मला वाचवायला कुणी सांगितलं होतं तुला?

की वाचवत नव्हतीस? वाट बघत होतीस का, मी कधी बोलते याची?

हे पत्र उद्या पहाटे आन्सेल्मोकडे देईन. दिलं नाही तर उद्या संध्याकाळपर्यंत मी ते फाडून टाकेन, मला माझी माहिती आहे.

रो.


कुइतावा
शनिवार, १६ जून

कस्तोदिया,

काल सांगितलं.

टप्पा संपला होता. सपाट रस्ता, अठ्ठेचाळीसचे अठ्ठेचाळीसच. केंद्रात रविवारची चर्चा चालली होती. मास्तरांनी नवीन खडूचा डबा आणला होता, सगळ्यांना दाखवत होते, जणू बंदुकीच्या गोळ्या.

मी म्हटलं, ‘मास्तर, फळा तुम्ही धरू नका.’

‘का? माझं अक्षर वाईट आहे?’

‘अक्षर चांगलं आहे. कस्तोदियाचंही चांगलंच होतं. आकडा वाईट होता. तो मी दिला होता.’

कुणाला कळेना. सातुर्निनो म्हणाला, ‘म्हणजे तिनं चुकीचा ऐकला?’

‘नाही. बरोबर ऐकला. मीच एक पस्तीस म्हणाले. बाराच्या घंटेनंतर मी प्रार्थना करत बसले आणि शिळा आकडा सांगितला. नंतर तुमच्याशी खोटं बोलले.’

‘आयला, म्हणजे पोराला मरियामातेनंच हरवलं म्हणायचं!’ सातुर्निनो एकटाच हसला. मास्तर म्हणाले, ‘गप रे, गाढवा.’ त्यांनी खडूचा डबा बंद केला. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. ‘रोसाल्बिनाबाई,’ म्हणाले, ‘तुमच्याच शब्दावर मी ठरावावर सही केली. मिरवणुकीच्या दांड्यावरून तिला काढायच्या ठरावावर. तो ठराव कुणी लिहून दिला होता, आठवतंय?’

मीच लिहून दिला होता. माझं अक्षर चांगलं म्हणून. हे तुला माहीत नसेल. आता झालं.

बेत्साबेबाईंनी विणकाम खाली ठेवलं. मी त्यांना कधी मोकळ्या हातांनी बसलेलं बघितलं नव्हतं. ‘मी त्या बाईच्या उंबऱ्यावर थुंकले,’ त्या म्हणाल्या. ‘पन्नास वर्षांत मी कुणाच्या दारात थुंकले नव्हते. तू शेजारी उभी होतीस. रुमाल पुढे केलास मला.’

‘हो.’

‘रुमाल पुढे केलास!’ त्या ओरडल्या. मग रिसीव्हर उचलून माझ्या छातीवर आपटला. ‘लाव हॉटेल. माझ्या पोराला तूच सांग. माझ्या समोर.’

लावलं. एउदोरोनं सगळं ऐकून घेतलं. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू. ‘मावशी, मी रोज सरावाला त्या वळणावरून जातो. वर्षभर ती रोज गुळाच्या पाण्याचा पेला भिंतीवर ठेवते. वाफ येत असते. मी रोज तोंड फिरवून जातो. एकदा तर मुद्दाम पायानं पाडला.’

मी म्हटलं, ‘माझ्यामुळे.’

‘तुमच्यामुळेच. मग काय! आता मी काय करू, तुम्हाला क्षमा करू? परवा मला घाट चढायचाय, मला त्याला वेळ नाही.’ मग म्हणाला, ‘फळा कस्तोदियामावशीकडे असेल तर मी बघेन. दुसऱ्या कुणाचा नाही. जिनं अंगावर घेतलं पण मनाचा आकडा लिहिला नाही, तिचाच बघेन.’

आता तुला कळलं ना काय अडलंय? तू फळा धरला नाहीस तर तो आंधळा चढणार आणि फुटणार. मी तुझ्याकडे माझ्यासाठी काही मागत नाही. माझं तोंड बघू नकोस, मेल्यावर मातीला येऊ नकोस. पण उद्या दीड वाजता त्या वळणावर उभी राहा. आकडा मास्तर देतील, मी रेडिओला हात लावणार नाही.

हे लिहून झालं आणि पाकीट चिकटवणार तोच केंद्रातून बोलावणं आलं. तू होतीस. एवढंच बोललीस: ‘आकडा तूच द्यायचा. आणि आधी रेडिओ ऐकायचा.’ आणि ठेवलास.

टोमणा पोचला. तरी पत्र पाठवते. लिहिलेला कागद वाया का घालवू.

रोसाल्बिना


कुइतावा
सोमवार, १८ जून

कस्तोदिया,

वर तुला जे दिसलं ते मला दिसलं नाही, आणि खाली काय झालं ते तुला दिसलं नाही. आन्सेल्मो काहीबाही मसाला लावून सांगेल, त्याआधी माझ्याकडून घे.

केंद्रात मुंगी शिरायला जागा नव्हती. मी रेडिओला कान लावून, रिसीव्हर दुसऱ्या कानाला. पायथ्यालाच एउदोरोनं मोन्साल्वेला सोडलं. दहा सेकंद. अठरा. पाचव्या वळणावर सव्वीस. सातुर्निनो टेबलावर चढला होता. ‘होणार! होणार! अठ्ठेचाळीस हवेत ना? घाटमाथ्याला साठ करतोय बघा!’

आणि मग आकडा अडकला. सव्वीस, एकोणतीस, एकतीस. पुन्हा एकतीस. निवेदक सांगत होता की एउदोरोचे खांदे हलायला लागलेत. त्याच वेळी तुझा आवाज: ‘ताई, आला. आकडा.’

बेत्साबेबाईंनी माझा दंड धरला. ‘एक मिनिट सांग गं.’

मी दंड सोडवला.

‘त्याचा धीर सुटेल. एकतीस वाचून तो तिथेच बसेल. एक मिनिट सांग, आनंदानं चढेल.’

‘निदान पन्नास तरी,’ मास्तर म्हणाले. मास्तर! चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारणारे. ‘पन्नास म्हणजे काही फार नाही, बाई. थोडं पुढचं सांगायचं, एवढंच.’

‘सांग ना!’ सगळे ओरडायला लागले. जे दोन दिवस मला रस्त्यात ओळख देत नव्हते, तेच माझे पाय धरायला आले. मला संताप आला. यांच्यासाठी मी वर्षभर घाबरून बसले होते? यांच्यासमोर खरी ठरावी म्हणून मी तुला चुलीत घातलं?

मी म्हटलं, ‘एकतीस.’ मोठ्यानं. ‘तीन, एक. ऐकलंस?’

‘एकतीस,’ तू म्हणालीस, आणि फोन तसाच लोंबकळत सोडून पळालीस.

मग मी ऐकत राहिले. रेडिओ नाही, तुझा फोन. आरडाओरडा, कुत्रं, मोटारसायकल, आणि त्या सगळ्यातून तुझा आवाज, आई आपल्याला शेतातून हाक मारायची तसला: ‘एकतीस! सतरा कमी आहेत! सतरा!’ मग साखळीचा आवाज. मला वाटलं तरी असेल. फोनवरून साखळी कशी ऐकू येईल.

बऱ्याच वेळानं तू रिसीव्हर उचललास. ‘बघितलं त्यानं,’ म्हणालीस. आणि ठेवलास.

तो थांबला नाही. पाणी नाही, वर्तमानपत्र नाही. ब्रेकला हात न लावता उतरला असं निवेदक सांगत होता आणि बेत्साबेबाई कान झाकून बसल्या होत्या. सोगामोसोत तो पहिला आला. सगळ्यांनी मोन्साल्वेसाठी सेकंद मोजायला सुरुवात केली. मी मोजत नव्हते, सगळं गाव मोजत होतं. पस्तीस. छत्तीस. सदतिसाला मोन्साल्वे आला.

अकरा सेकंदांनी फेरी गेली, कस्तोदिया. आज राजधानीपर्यंत काही बदलणार नाही.

केंद्रात मग सातुर्निनो म्हणाला, ‘पन्नास सांगायला काय जात होतं हिचं?’ आणि दोघंतिघं हो म्हणाले. घरी जाताना एकीनं माझ्याकडे बघून क्रूसाची खूण केली. म्हणजे यंदा मी खरं बोलले म्हणून हरलो. करा, काय करायचं ते करा.

पण रेडिओ चालू होता, आणि मी तिथून हलले नव्हते, आणि म्हणूनच हे पत्र. निवेदकानं एउदोरोपुढे माइक धरला. त्याला धाप लागली होती, दात वाजत होते. निवेदकानं विचारलं, ‘एउदोरो, गेल्या वर्षी तुम्हाला याच घाटावर एका बाईनं चुकीचा आकडा दाखवला होता. यंदाही तसंच काही झालं का?’

तो म्हणाला, ‘गेल्या वर्षीही तिनं तिला मिळालेला आकडाच दाखवला होता. यंदा तिचा आकडा खरा होता. पाय कमी पडले.’

निवेदकानं विचारलं, ‘कोण ती बाई?’

‘कस्तोदिया,’ तो म्हणाला. ‘घाटाच्या शेवटच्या वळणावर तिचं चीजचं दुकान आहे. चांगलं असतं. थांबत जा.’

सगळ्या देशात ऐकू गेलं हे. फक्त तुझ्या वळणावर रेडिओ लागत नाही. म्हणून अक्षर न् अक्षर लिहून पाठवते आहे, वहीतून उतरून. खाडाखोड नाही, बघून घे.

पोरगा भट्टीवर जाईल की नाही, मला माहीत नाही. बेत्साबेबाई म्हणतात, संघवाले अजून काही बोललेले नाहीत. अकरा सेकंदांचं ओझं माझ्या डोक्यावर नाही, तुझ्याही नाही. गेल्या वर्षीच्या चारचं आहे. ते माझंच.

दहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही मी तुझ्यावर ओरडत होते, डॉक्टरला उशिरा बोलावलंस म्हणून. तेव्हाही तू बोलली नाहीस. मला वाटायचं, ही मला घाबरते. घाबरत नव्हतीस, नाही का?

उद्या पहाटे आन्सेल्मोच्या गाडीनं वर येते आहे. पुढे ड्रायव्हरजवळ बसून नाही, मागे दुधाच्या कॅनांबरोबर, म्हणजे वाटेत विचार बदलून उतरता येणार नाही. दार उघडलं नाहीस तर उघडू नकोस. तुझ्या उंबऱ्यावर पाण्याची बादली आणि फडकं घेऊन बसेन. ती फरशी मला घासायची आहे. माझ्या रुमालानं पुसून भागणार नाही.

रोसाल्बिना